मेट्रो रिकामी कारण नागपूरकर आळशी? मामा, एकदा पायदळ जाऊन पाहा

मागच्या रविवारी सकाळी मामानं फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. तुमच्याकडेही आला असेलच, कारण त्यानंतर तोच मला शाळेच्या ग्रुपवर आला, कॉलनीच्या ग्रुपवर आला, आणि मंगळवारी ऑफिसात प्रिंट काढणाऱ्या पोरानं तो मलाच मोठ्यानं वाचून दाखवला. मथळा असा : 'नागपूर मेट्रो रिकामी का धावते? एका निवृत्त इंजिनीअरचं परखड विश्लेषण.' इंजिनीअरला नाव नाही, कुठल्या खात्यातून निवृत्त झाले तेही नाही. मुद्दे सहा. नागपूरकर आळशी आहे, गाडीवरून खाली उतरायला तयार नाही. स्टेशनभोवती चाळीस मजली टॉवर बांधा, मेट्रो आपोआप भरेल. प्रत्येक स्टेशनला मोठ्ठं फुकट पार्किंग द्या. स्टेशनखालचे ठेलेवाले हाकला. तिकीट पाच रुपये करा. आणि शेवटी, नागपूर मुळात लहान गाव, इथं मेट्रोची गरजच नव्हती. गरजच नव्हती तर मग चाळीस मजले कोणासाठी बांधून राहिले, हे विचारायचं नाही.

असे फॉरवर्ड मी वाचून सोडून देतो. पण त्या दिवशी आई चहा गाळता गाळता म्हणाली, "खरंच लिहिलं आहे रे बाप्पा. आपणच आळशी. मीच नाही का त्या दिवशी अर्ध्यातून परत आली."

इथं माझं डोकं फिरलं.

आईचं वय सदुसष्ट. दोन्ही गुडघे दुखतात, आठवड्यातून एकदा शंकर नगरकडे फिजिओथेरपीला जावं लागतं. ऑटोवाला जायचे-यायचे मिळून मन मानेल तेवढे घेतो, मी ऑफिसात असतो, म्हणून तिनंच ठरवलं की मेट्रोनं जाऊन पाहू, लाइन तर सरळ तिकडेच जाते. एकटी निघाली, आणि वीस मिनिटांनी घामाघूम होऊन घरी परत. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही, जमलं नाही. म्हणजे जी बाई या वयात गुडघ्याला पट्टा बांधून मेट्रोला पायदळ निघाली, तीच आता फॉरवर्ड वाचून स्वतःला आळशी म्हणून राहिली. म्हणून हे लिहितो आहे. मामा, राग मानू नका, पण वाचा.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, बावीस वर्षं नकाशेच काढतो, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. शनिवारी ऑफिसातली चाकवाली मोजकाठी घरी आणली, आणि आईनं जो रस्ता धरला होता तोच धरला. नकाशावर आमचं घर ते स्टेशन, सरळ रेघ मारली तर ४३० मीटर. चाकावर आकडा आला १०७०.

कारण आमची गल्ली जिथं संपते तिथं एका मोठ्या आवाराची भिंत आहे, मेन रोडपर्यंत. कोणाचं आवार ते सांगत नाही, नागपुरात अशी आवारं ढिगानं आहेत. गल्लीच्या तोंडाशी त्या भिंतीत एक लोखंडी फाटक आहे, त्याला कुलूप. ते उघडं असतं तर अंतर पडलं असतं ५२० मीटर. ते बंद, म्हणून भिंतीला वळसा. वळशाच्या रस्त्याला फूटपाथ आहे, म्हणजे कागदावर आहे. सुरुवातीला वीस पावलं चांगला, मग कोणाची तरी गिट्टी-रेती, मग विजेची डीपी अगदी मधोमध, मग नालीवरचं एक झाकण गायब, मग दोन कार आडव्या. भारतीय रोड काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक आहे, आयआरसी १०३, त्यात लिहिलं आहे की फूटपाथची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी आणि कर्ब, म्हणजे फूटपाथची कड, १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. आमच्याकडे कर्ब मी टेपनं मोजला, एका जागी ३४. गुडघे गेलेल्या बाईला चौतीस सेंटिमीटर चढ, उतर, परत चढ, आणि ते नको म्हणून ती सडकेवरून चालली तर मागून हॉर्न.

पुढे मेन रोड. स्टेशनचा जिना समोरच दिसतो, अगदी समोर, जिन्यावरच्या माणसाच्या शर्टचा रंग ओळखू येतो. पण मधे डिव्हायडर, त्यावर जाळी. ओलांडायचं तर सिग्नलपर्यंत जा आणि पलीकडून तेवढंच परत या. आई त्या डिव्हायडरपाशी उभी राहिली होती, तिनंच दाखवलं मला. तिथून परत फिरली.

आता सांगा मामा, यात मानसिकता कुठं आली?

बरं, आईचं सोडा, माझं धरा. मी धडधाकट. माझ्या चालीनं स्टेशनपर्यंत १३ मिनिटं, जिना आणि चेकिंग ४, गाडीची वाट सरासरी ५, मेट्रोत बसून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, १२, आणि तिथं उतरून कामाच्या जागेपर्यंत ८. एकूण ४२ मिनिटं, त्यात मेट्रोत बसलेली फक्त १२. बाकी तीस मिनिटं मी रस्त्यावर नाहीतर जिन्यावर. गाडीनं तेच अंतर वीस-बावीस मिनिटांत. जो माणूस हा हिशोब करून गाडीला किक मारतो तो आळशी नाही, त्याला वेळ मोजता येतो. आणि तुमचे निवृत्त इंजिनीअर सगळं लक्ष त्या बारा मिनिटांवर लावून बसले आहेत, एसी आहे, चकाचक आहे, मग लोक काहून येत नाहीत म्हणून. अहो, एसी बारा मिनिटांचा आणि ऊन तीस मिनिटांचं.

'नागपूरच्या उन्हात कोण चालतो' हे वाक्यही त्या मेसेजमधे आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, मान्य. पण याच मे महिन्यात इतवारीत, महालात, गांधीबागेत लोक लग्नाचा बस्ता घ्यायला दिवसभर पायीच फिरतात की नाही? दुपट्टा बांधतात, दुकानाच्या पत्र्याखालून चालतात, मधे उसाचा रस पितात आणि परत चालतात. तिथल्या गल्ल्या अरुंद, एका बाजूला सावली असतेच, आणि दर वीस पावलांवर काहीतरी बघायला, बसायला असतं. याउलट वर्धा रोडच्या सर्व्हिस रोडवर दुपारी बारा वाजता चालून पाहा, तीच माणसं, तेच ऊन, आणि पाचशे मीटरमधे जीव जातो. माणसं बदलली नाहीत, सडक बदलली.

वर्धा रोडचं नाव निघालंच आहे तर तेही बोलतो. ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल, मधे गाड्या आणि वर मेट्रो, एकाच खांबावर. २०२२ मधे त्याचा गिनेस रेकॉर्ड झाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. बांधकाम म्हणून भारीच आहे, त्यात वाद नाही. पण विचार करा, लोकांनी गाडी सोडून मेट्रोत बसावं म्हणून मेट्रो बांधली, आणि त्याच खांबावर गाडीवाल्याला सिग्नल नसलेला रस्ता दिला. कामठी रोडवर, एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक, तेच परत केलं. पायदळवाल्याला काय मिळालं? खालचा अंधार आणि खांब. आणि मग आळशी कोण, तर नागपूरकर.

आता मुद्दा दोन. चाळीस मजली टॉवर.

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटला आहे, कारण ऐकायला बरोबर वाटतो. स्टेशनजवळ लोक जास्त राहिले तर मेट्रोत जास्त बसतील, यात चुकीचं काय? थोडं खरं आहे, म्हणूनच घोळ होतो. नागपुरात त्यासाठी नियम आधीच आहे. मेट्रो कॉरिडॉरमधे, म्हणजे लाइनच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ५०० मीटरमधे, प्लॉट मोठा आणि रस्ता रुंद असेल तर ४ पर्यंत एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम करता येतं. आता इथं नीट वाचा, मध्यरेषेपासून. स्टेशनपासून नाही. दोन स्टेशनांच्या बरोबर मधे, लाइनपासून पाचशे मीटर आत एखादा प्लॉट असेल, तर तोही 'मेट्रोजवळ', त्यालाही वाढीव मजले. आणि तिथून स्टेशन? स्टेशनं किलोमीटरभर अंतरावर धरली तर कावळ्यानं उडून गेलं तरी सातशे मीटर. माणसानं गेलं तर हजार-बाराशे. पण जाहिरातीत 'मेट्रो टच'.

आणि कावळ्याचा हिशोब करायचाच तर पूर्ण करू. स्टेशनभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढलं तर क्षेत्रफळ येतं साधारण ७८ हेक्टर. पण वळसे, भिंती, डिव्हायडर यामुळे चालायचं अंतर सरळ अंतराच्या दीडपट झालं (आमचं तर अडीचपट आहे, पण सगळीकडे एवढं वाईट नसेल म्हणून दीड धरतो), तर पाचशे मीटर चालून ज्या भागातून पोचता येतं तो उरतो ३५ हेक्टर. अर्ध्याहून कमी. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला ढोबळ ११ हजार. त्या हिशोबानं वर्तुळात साडेआठ हजार माणसं, आणि खरोखर चालत पोचू शकणारी चार हजारही नाहीत. एकही टॉवर न बांधता, नुसती फाटकं उघडून आणि रस्ता ओलांडायची सोय करून हा आकडा दुप्पट होऊ शकतो. उलट भिंती तशाच ठेवून दुप्पट करायचा तर अख्ख्या मोहल्ल्याची लोकवस्ती दुप्पट करावी लागेल. कोणतं स्वस्त पडेल ते इंजिनीअरसाहेबांनी सांगावं.

हे माझ्या मनचं नाही. २०१० साली रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी तोवर झालेल्या ढीगभर अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशनच्या जर्नलमधे ते आलं, आणि या विषयात आजही लोक तिथूनच सुरुवात करतात. त्यांना असं दिसलं की बाकी सगळं तेवढंच ठेवून नुसती लोकवस्तीची घनता १० टक्क्यांनी वाढवली तर बस-मेट्रोचा वापर सरासरी ०.७ टक्का वाढतो. नोकऱ्यांची घनता वाढवली तर ०.१. पण रस्त्यांचं जाळं दाट असेल, म्हणजे तेवढ्याच जागेत चौक १० टक्के जास्त असतील, तर वापर २.३ टक्के वाढतो. चारही बाजूंना रस्ता फुटणाऱ्या चौकांचं प्रमाण वाढलं तर २.९. थांबा जवळ असला तर तेवढाच. म्हणजे मजल्यांपेक्षा गल्ल्यांचा परिणाम तिप्पट-चौपट. आता कोणी म्हणेल तो अभ्यास बहुतेक अमेरिकेतला, आपल्याकडे कसा लागू. बरोबर, आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. आणि त्यांनीही घनता फालतू आहे असं म्हटलेलं नाही, वस्ती दाट असली की दुकानं चालतात, बसच्या फेऱ्या परवडतात, त्या वाटेनं ती काम करते. पण टॉवर बांधला की मेट्रो भरली, हे कुठंच नाही.

टॉवरची दुसरी गंमत मी आतून पाहिली आहे. स्टेशनपासून तीनशे मीटरवर एक स्कीम होती, नकाशा मीच काढला. खाली तीन मजले पार्किंग, वर तीन बेडरूमचे फ्लॅट, प्रत्येकाला दोन कार. मी मागच्या कंपाउंडला एक लहान गेट दाखवलं होतं, तिथून निघालं की स्टेशन चार मिनिटांवर. मीटिंगमधे ते लाल पेनानं खोडलं. कारण काय, तर दोन गेट म्हणजे दोन वॉचमन. दुसऱ्या दिवशी मीच त्या जागी सलग भिंत काढली. म्हणजे एफएसआय घेतला मेट्रोच्या नावानं आणि पाठ केली मेट्रोकडेच. तिथले लोक मेट्रोत बसत नाहीत म्हणून उद्या त्यांनाही आळशी म्हणा.

काही स्टेशनांना तर अर्धं वर्तुळ मुळातच नाही. एअरपोर्टच्या बाजूची स्टेशनं घ्या, एका अंगाला सगळा विमानतळ. रहाटे कॉलनीजवळ सेंट्रल जेल. हिंगणा रोडच्या वाटेवर अंबाझरी तलाव. कैद्यांनी काय रोज मेट्रोनं अपडाऊन करायचं? तिथं टॉवर बांधायला जागाच अर्धी आहे, तेव्हा उरलेल्या अर्ध्यातून माणूस सरळ चालत येईल हे बघणं जास्त गरजेचं.

मुद्दा चार आधी घेतो, कारण मेसेजमधला सगळ्यात वाईट तोच आहे. 'स्टेशनखालचे ठेलेवाले हाकला, गर्दी आणि घाण कमी होईल, सभ्य लोक येतील.'

माझी पुतणी मिहानमधे, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक वसाहतीत, नोकरीला आहे. ऑरेंज लाइननं येते, बर्डीला गाडी बदलते आणि रात्री नऊ-सव्वानऊला तिच्या घराजवळच्या स्टेशनवर उतरते. स्टेशनला दोन बाजूंना जिने आहेत. एक तिच्या घराच्या बाजूचा, एक पलीकडचा. ती नेहमी पलीकडच्या जिन्यानं उतरते आणि मग रस्ता ओलांडून येते. मला कळेना काहून, उगाच लांबून. एकदा तिला घ्यायला गेलो तेव्हा कळलं. घराच्या बाजूला खाली मिट्ट काळोख, खांबाला टेकून दोन-चार पोरं गाड्यांवर बसलेली. पलीकडे एक पानठेला, त्याच्या शेजारी अंडा-ऑम्लेटवाला, दोघांचे मिळून तीन एलईडी बल्ब, आणि तो पानठेलेवाला सगळ्यांना ओळखतो. पुतणीला म्हणतो, ताई आज लेट? बस, एवढंच. त्या तीन बल्बांच्या जिवावर ती पोरगी मेट्रोनं ये-जा करते. ते बल्ब गेले तर दुसऱ्या महिन्यात ती गाडी घेईल, आणि मेट्रोचं एक तिकीट कमी, जायचं-यायचं धरून दोन.

आणि कायदाही आहे, २०१४ चा पथविक्रेता कायदा. त्यात सरळ लिहिलं आहे की आधी सर्व्हे करा, प्रमाणपत्र द्या, तोवर कोणाला हाकलायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच हवेत. तेव्हा 'हाकला' हा शब्द ग्रुपवर टाकायला सोपा आहे. एवढं मान्य की काही ठेले जिन्याच्या अगदी तोंडाशी लागतात, व्हीलचेअर सोडा, पिशवी घेतलेला माणूस नीट जात नाही. मग पट्टा आखून द्या ना, जिन्यापासून दहा पावलं सोडून, पाणी द्या, डस्टबिन द्या. के.पी. ग्राउंडजवळ, म्हणजे कस्तूरचंद पार्कजवळ, तर्री-पोहे खायला अख्खं नागपूर जातंच की, तिथं घाण दिसत नाही आणि स्टेशनखालीच बरी दिसते.

मुद्दा तीन, फुकट पार्किंग. एका एकरात, गाड्या फिरवायची जागा धरून, फार तर दीडशे कार बसतात. म्हणजे एक एकर जमीन आणि प्रवासी दीडशे, तेही सकाळी एकदा भरलं की संध्याकाळपर्यंत जागा अडली. त्याच एकरावर एफएसआय ४ नं दोनशेच्या वर मध्यम फ्लॅट होतात, खाली दुकानं, आणि तिथली माणसं दिवसातून चारदा ये-जा करतात. पण हे कारचं झालं. नागपूर दुचाकीवर चालतं, आणि एकरात हजारावर दुचाकी मावतात, त्यामुळे खापरी, लोकमान्य नगर, प्रजापती नगर अशा टोकाच्या स्टेशनांना दुचाकीचं पार्किंग कामाचं आहे, हे मला द्यावंच लागेल. गावातल्या स्टेशनला मात्र नाही. जो एकदा गाडीवर बसून तीन किलोमीटर आला तो उरलेले चार कशाला सोडेल? केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातही स्टेशनच्या पाच किलोमीटर परिघात फीडर बस, पायवाटा, सायकलवाटा देण्याची हमी राज्यांकडून मागितली आहे. आमच्या स्टेशनवर 'आपली बस' ही शहर बस थांबते, पण थांबा जिन्यापासून एवढा लांब की बस दिसेपर्यंत धावत सुटावं लागतं.

तिकीट पाच रुपये करा, यावर फार बोलत नाही. भाडं वाढलं तेव्हा लोक ओरडले, विद्यार्थ्यांना सवलत द्यावी लागली, म्हणजे भाड्याचा परिणाम होतो, नाही असं नाही. पण आईला मेट्रो फुकट दिली असती तरी ती डिव्हायडरच्या अलीकडेच उभी राहिली असती.

राहिलं 'गाव लहान, गरजच नव्हती'. मार्च २०१९ मधे खापरी ते बर्डी सुरू झाली, जानेवारी २०२० मधे लोकमान्य नगरची बाजू, आणि डिसेंबर २०२२ मधे ऑटोमोटिव्ह चौक नि प्रजापती नगर. म्हणजे चारही टोकं जोडून झाल्याला अजून दहा वर्षंही नाहीत. मानेवाडा, सक्करदरा, नंदनवन, मेडिकल, एवढी भरलेली वस्ती पहिल्या टप्प्याच्या वाट्यालाच आली नाही, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मीही करतो. पण 'आधी गर्दी, मग रेल्वे' हा नियम कोणी केला? जपानमधे ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो नावाचा माणूस होता. त्याच्या कंपनीनं १९१० मधे शेतातून जाणारी एक लाइन सुरू केली, लोक हसले की इथं बसणार कोण. त्यानं लाइनच्या कडेला जमिनी घेऊन ठेवल्या होत्या, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी घरं बांधली आणि साध्या नोकरदारांना हप्त्यावर विकली. मग दुसऱ्या टोकाला गरम पाण्याचे झरे होते तिथं करमणुकीची जागा काढली, १९१४ मधे मुलींचं संगीत थिएटर सुरू केलं, आणि १९२९ मधे शहराकडच्या टोकाला स्टेशनातच मोठं डिपार्टमेंट स्टोअर. म्हणजे सकाळी लोक शहराकडे, सुटीच्या दिवशी उलट्या दिशेला, आणि गाडी दोन्हीकडून भरलेली. तीच पुढे हानक्यू रेल्वे झाली. त्यानं प्रवाशांना आळशी म्हटलं नाही, त्यांना घराच्या दारातून स्टेशनपर्यंत आणून सोडलं.

आपल्याकडे दुसरा टप्पा मंजूर आहे, ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी, कन्हान, बुटीबोरी, हिंगणा, कापसीकडे जाणारा. तिकडे अजून शेतं आहेत, ले-आउट पडायचे आहेत. प्लॉट विकायच्या आधी गल्ल्या कुठून कुठं निघतात ते आत्ता नाही पाहिलं, तर पंधरा वर्षांनी कन्हानच्या एखाद्या मामाला हाच फॉरवर्ड येईल.

तर मामा, हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही, एवढं कोणी वाचत नाही. मी फक्त त्या फाटकाच्या कुलपाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ४३० मीटरचे १०७०. तुम्ही त्यावर अंगठा दाखवला आणि लगेच तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा मेसेज टाकला, तेही पाहिलं.

आई मात्र फोटो बघून म्हणाली, हे कुलूप तर नवं दिसते. मग स्वतःच जाऊन आतल्या चौकीदाराशी बोलून आली. तो भंडाऱ्याकडचा निघाला, हिच्या माहेरचा. म्हणाला, साहेब साडेदहाला येतात मावशी, त्याच्या आधी आल्या तर उघडून देतो, पण बोलू नका कोणाले. अपॉइंटमेंट गुरुवारी अकराची आहे. ती दहालाच निघणार आहे, आणि पलीकडच्या डिव्हायडरचं काय करायचं ते आम्ही अजून पाहून राहिलो.